कायम हरणाऱ्याची लीग

संघ खोटे, आकडे खरे आणि भांडणं तर एकदम ओरिजिनल! मित्रामित्रांच्या ‘फॅण्टसी लीग’ची ही गोष्ट एका विमानात सुरू होते, कॅनडातल्या बर्फावरून घसरत जाते आणि आपल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचते.

कॉलेजचा ग्रुप आठवतोय? कट्ट्यावर रोज पडीक असणारे आठ-दहा जण. पहिली नोकरी लागली तेव्हा ‘महिन्यातून एकदा भेटायचंच हं’ अशा आणाभाका झाल्या होत्या. मग कुणाची नाइट शिफ्ट लागली, कुणाचं लग्न झालं, कुणी हिंजवडीला गेलं, कुणी थेट न्यू जर्सीला. आता ग्रुपवर येतात ती गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाचे केक. ‘अरे, भेटूया ना एकदा’ म्हटलं की सगळे अंगठा दाखवतात. शब्दशः! भेट काही होत नाही. भांडण झालेलं नसतं, वैर नसतं. भेटायला कारण नसतं, एवढंच.

न्यूयॉर्कमधल्या काही मित्रांना १९८० साली असं एक कारण सापडलं. त्यातून पुढे प्रचंड मोठा धंदा उभा राहिला. पण ज्याच्या डोक्यातून हे खूळ निघालं, तो पठ्ठ्या स्वतःच्याच लीगमध्ये एकदाही जिंकला नाही. तरी खेळला. का? त्या ‘का’चीच ही गोष्ट.

विमानातला कागद

नोव्हेंबर १९७९. डॅनियल ऑक्रेण्ट नावाचा ३१ वर्षांचा तरुण हार्टफर्डहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला निघाला होता. पुस्तकं आणि मासिकं हा त्याचा धंदा आणि बेसबॉल हा धर्म. पण सीझन नुकताच संपलेला. आयपीएल संपल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात आपली जी अवस्था होते, तीच त्याची. संध्याकाळी करायचं काय, राव?

विमानात बसल्या बसल्या त्याने कागदावर एका खेळाचे नियम लिहून काढले. आठ-दहा मित्र जमवायचे. प्रत्येकाने काल्पनिक संघाचा मालक व्हायचं. खऱ्या बेसबॉलपटूंचा लिलाव करायचा आणि आपापला संघ बांधायचा. मग सीझनभर ते खेळाडू मैदानावर जी कामगिरी करतील, त्याचे आकडे मांडून कुणाचा संघ भारी ते ठरवायचं.

कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हार्वर्डला असताना सहकाऱ्यांबरोबर असाच एक साधा खेळ सुरू केला होता. नाव काय, तर ‘बेसबॉल सेमिनार’! दारावर सेमिनारची पाटी लावली की आत काय चाललंय हे कोण विचारणार? गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेला, खेळही त्याच्यासोबत गेला. तिथे तो खेळणाऱ्यांत रॉबर्ट स्क्लार हे इतिहासाचे प्राध्यापक होते आणि त्यांचा विद्यार्थी होता आपला ऑक्रेण्ट. सरांकडून ऐकलेली गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून बसली होती.

सेमिनारमध्ये अदलाबदली नव्हती. ऑक्रेण्टने ती घातली. म्हणजे त्याने खेळात भांडणाची सोय केली. आणि तिथेच खेळ जिवंत झाला.

ऑस्टिनला उतरल्यावर त्याने तिथल्या मित्रांना मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं. त्यांनी हूं हूं केलं आणि विषय बदलला. न्यूयॉर्कच्या मित्रांनी मात्र उचलून धरलं. मॅनहॅटनच्या ईस्ट ५२व्या रस्त्यावर ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ नावाचं एक फ्रेंच हॉटेल होतं. तिथे जेवता जेवता १९८० च्या सुरुवातीला लीगची स्थापना झाली आणि हॉटेलच्या नावावरून बारसं झालं, ‘रोटिसरी लीग’. हॉटेल कधीच बंद पडलं. पण ‘रोटो’ हा शब्द अमेरिकेत आजही चलनात आहे.

हिशोब कसा?

थोडं डोकं लावा, फार नाही. लीगमध्ये दहा संघ. पुढे नियमांच्या पुस्तकात पक्का झालेला हिशोब असा, की प्रत्येकाच्या खिशात २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे. एका स्टारवर पैसे उधळले की उरलेल्या जागा चिल्लर देऊन भरायच्या. २००८ च्या फेब्रुवारीत आयपीएलचा पहिला लिलाव मुंबईत झाला, तेव्हा आपण आ वासून बघत होतो. ही मंडळी तोच खेळ २८ वर्षं आधी घरगुती पातळीवर खेळत होती.

मग आठ आकडे मोजायचे. चार फलंदाजीचे, चार गोलंदाजीचे. होमरनमध्ये ज्याचा संघ पहिला त्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत शेवटच्याला १. आठही रकान्यांत पहिले आलात तर ८०. तसं कुणी येत नाही. म्हणूनच मजा येते.

यातला एक रकाना ऑक्रेण्टने स्वतः शोधून काढलेला. गोलंदाजाने प्रत्येक डावामागे किती जणांना तळावर पोचू दिलं, त्याचं प्रमाण. आज त्याला ‘व्हिप’ म्हणतात आणि खऱ्या बेसबॉलच्या टीव्ही प्रक्षेपणात तो आकडा सर्रास झळकतो. मित्रांच्या टाइमपाससाठी काढलेली मोजपट्टी खऱ्या खेळाने उचलली, यापेक्षा मोठी दाद कुठली?

संघांची नावं म्हणजे निव्वळ शाब्दिक कोट्या. जॉर्जिया राज्यात ओकेफेनोकी नावाची दलदल आहे, म्हणून ऑक्रेण्टचा संघ ‘ऑक्रेण्ट फेनोकीज’. स्क्लार सरही आले, त्यांचा संघ ‘स्क्लार गेझर्स’. विद्यार्थ्याच्या लीगमध्ये मास्तर! मासिकांच्या व्यवसायातली व्हॅलरी सॅलम्बिए ही एकटी बाई या टोळक्यात होती. पहिल्या वर्षी जिंकला पीटर गेथर्स आणि ग्लेन वॅगनर यांचा ‘गेथर्सवॅग गोनर्स’. विजेत्याच्या डोक्यावर शॅम्पेन नाही, तर ‘यू-हू’ नावाचं चॉकलेटी पेय ओतायची प्रथा पडली. चाळिशीकडे निघालेली शहाणीसुरती माणसं डोक्यावरून चॉकलेट गळत असताना विजयी मुद्रेने उभी. हौसेला मोल नसतं ते असं!

कॉम्प्युटर नव्हता, इंटरनेटचा तर पत्ताच नव्हता. छापून आलेले आकडे घ्यायचे आणि हाताने बेरजा मारायच्या. आपला संघ कितव्या नंबरावर आहे हे कळायला दिवसच्या दिवस जायचे. आज सेकंदात स्कोअर रिफ्रेश करणाऱ्या आपल्याला हा छळ वाटेल. पण त्या मधल्या दिवसांत फोन व्हायचे. ‘तुझा तो तिसऱ्या नंबरचा गोलंदाज देतोस का?’ हे विचारायला केलेला फोन बायको-पोरं, नोकरी, आईचं आजारपण असं सगळं फिरून मग ठेवला जायचा.

आधीचे हरलेले

हे सगळं रोटिसरीवाल्यांनीच पहिल्यांदा केलं का? तर नाही. त्यांच्या १८ वर्षं आधीची एक गोष्ट आहे, तीही हरणाऱ्यांचीच.

१९६२ मध्ये ऑकलंडच्या ‘रेडर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाची पार दैना उडाली होती. १४ सामने, विजय फक्त १. संघ न्यूयॉर्कला आलेला असताना बिल विंकनबाख हा संघाचा एक छोटा भागीदार, संघाचा प्रसिद्धी अधिकारी आणि ‘ऑकलंड ट्रिब्यून’चा एक वार्ताहर असे तिघे हॉटेलात बसले. खरा संघ तर हरतोय, मग निदान कागदावर तरी जिंकू! त्या बैठकीतून काल्पनिक फुटबॉल लीगचे नियम निघाले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये विंकनबाखच्या घरी आठ संघमालक जमले आणि खेळाडूंची पहिली वाटणी झाली.

या लीगची सगळ्यात झकास गोष्ट म्हणजे शेवटच्या नंबरची ट्रॉफी. लाकडाचा फुटबॉल, त्याला चेहरा आणि डोक्यावर ढ मुलाला घालतात तसली टोपी. जो तळाला जाईल त्याने ती घरात दर्शनी भागात ठेवायची. पाहुणे येणार, विचारणार, आणि याने सांगायचं. हरण्याचीही अशी व्यवस्था लावली की माणूस पुढच्या वर्षी उट्टं काढायला हमखास परत येतो. विंकनबाखला मानसशास्त्राची डिग्री नव्हती, पण मित्र त्याला बरोबर कळले होते.

संप झाला आणि साथ पसरली

रोटिसरी लीग दहा मित्रांपुरतीच राहिली असती. पण गडबड अशी की या टोळक्यात अर्धेअधिक लेखक-संपादक होते. त्यांच्या तोंडात तीळ भिजेल का? १९८१ मध्ये ऑक्रेण्टने ‘इनसाइड स्पोर्ट्स’ मासिकात लीगवर लेख लिहिला. ज्या वर्षी जॉर्ज फॉस्टर ३६ डॉलरच्या लायकीचा निघाला नाही, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. म्हणजे लेखाच्या मथळ्यातच फसलेल्या बोलीचं रडगाणं!

त्याच वर्षी जूनमध्ये बेसबॉलपटूंनी संप पुकारला. सामने ऑगस्टपर्यंत बंद. क्रीडा पत्रकारांना लिहायला काही नाही आणि रोजचं पान तर भरायचंय. त्यांनी या लीगवर लिहिलं आणि मग आपापल्या ऑफिसात स्वतःच्या लीगही काढल्या. एका प्रेसबॉक्समधून दुसऱ्या, एका शहरातून दुसऱ्या, अशी साथ पसरत गेली. १९८२ मध्ये ‘यूएसए टुडे’ निघालं, त्यात आकड्यांची रेलचेल. १९८४ मध्ये रोटिसरीवाल्यांचं नियमांचं पुस्तकच आलं. त्यांनी ‘रोटिसरी’ या नावावर हक्क सांगितला, म्हणून बाकीच्यांनी वेगळं नाव वापरलं, ‘फॅण्टसी’. हेच नाव जगभर झालं. धंदा दुसऱ्यांनी केला आणि मूळ मालकांच्या हाती आठवणी राहिल्या. हरण्याची परंपरा त्यांनी इथेही मोडली नाही.

अर्धा ग्रेट्झ्की, तरी पहिला

आता जरा थंड हवेत जाऊ. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं टर्फ. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि तिचं वेड आपल्या क्रिकेटच्या तोडीचं. तिथल्या ऑफिसांत ‘हॉकी पूल’ ही मुरलेली प्रथा आहे. ऑक्टोबरमध्ये सहकारी एकत्र जमतात, एनएचएलचे खेळाडू आळीपाळीने वाटून घेतात. गोल केला की एक गुण, गोलला मदत करणारा पास दिला की एक गुण. साधा सरळ मामला.

या साध्या मामल्यात वेन ग्रेट्झ्की नावाचा भूकंप झाला. १९८५-८६ च्या सीझनमध्ये या माणसाने ५२ गोल मारले आणि १६३ गोलना मदत केली. एकूण गुण २१५. दुसऱ्या नंबरवर मारिओ लेम्यू, त्याचे १४१. म्हणजे ज्याच्या चिठ्ठीत पहिला नंबर निघाला त्याने ग्रेट्झ्की घ्यायचा आणि बाकीच्यांनी एप्रिलपर्यंत कॉफी प्यायची. खेळ खलास!

मग बऱ्याच पूलवाल्यांनी एक भन्नाट तोडगा काढला. ग्रेट्झ्कीचे चक्क दोन तुकडे केले. एकाने ‘ग्रेट्झ्कीचे गोल’ घ्यायचे, दुसऱ्याने ‘ग्रेट्झ्कीच्या मदती’. आता वरचे आकडे पुन्हा बघा. नुसत्या मदती १६३, लेम्यूचे सगळे मिळून १४१. अर्धा केला तरी गडी पहिलाच!

पण तोडग्यामागचा विचार बघण्यासारखा आहे. खऱ्या हॉकीत ग्रेट्झ्कीला अर्धा करता येत नाही. मित्रांच्या खेळात येतो, कारण तिथे नियम खेळाडूसाठी नसतात, टेबलाभोवती बसलेल्या दहा जणांसाठी असतात. एकच जण जिंकत राहिला तर नऊ जण पुढच्या ऑक्टोबरला येणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑगस्ट १९८८ मध्ये एडमण्टनने ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं तेव्हा अख्खा कॅनडा हळहळला. पूलवाला मात्र निवांत. जर्सी बदलली म्हणून आकडे थोडेच बदलतात? पुढच्या सीझनला त्याने पुन्हा १६८ गुण केलेच.

१९९९ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याचे ८९४ गोल होते आणि १९६३ मदती. गोलांचा विक्रम अलेक्झांडर ओव्हेच्किनने एप्रिल २०२५ मध्ये मोडला. पण एकूण गुणांत दुसऱ्या नंबरवर असलेल्या यारोमीर यागरचे १९२१ आहेत. म्हणजे ग्रेट्झ्कीच्या नुसत्या मदती आजही बाकी सगळ्यांच्या पुढे. पूलवाल्यांनी केलेला तो अर्धा तुकडा अजून हरलेला नाही.

बर्फच वितळला तेव्हा

हळूहळू हॉकीच्या लीगही रोटिसरीसारख्या सविस्तर झाल्या. गोलरक्षकाने किती अडवले, खेळाडू बर्फावर असताना संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, सगळं मोजायला लागले. काही लीगमध्ये तर शिक्षेची मिनिटंही मोजतात. म्हणजे मारामारी करून बाकावर जाऊन बसणारा गडी खऱ्या संघाला नुकसान करतो आणि तुमच्या संघाला फायदा. आपल्या ऑफिसातही असा एखादा नमुना असतोच की! काही लीग पुढच्या वर्षासाठी खेळाडू राखून ठेवू देतात. अठरा वर्षांचं पोरगं घ्यायचं आणि ते मोठं व्हायची वाट बघायची. लोणचंच जणू, मुरायला वेळ द्यावा लागतो.

आणि मग आला २००४-०५ चा सीझन. खेळाडूंच्या पगारावरून संघमालकांशी तंटा झाला, सप्टेंबरपासून टाळेबंदी आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी एनएचएलने अख्खा सीझनच रद्द केला. ३० संघ, १२३० सामने, सगळं पाण्यात. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कामगार तंट्यापायी पूर्ण सीझन वाया जाण्याची ही पहिलीच वेळ.

फॅण्टसी लीगकडे स्वतःचं असं काय असतं? बर्फ नाही, मैदान नाही, चेंडू नाही. खरे सामने थांबले की उरतात ती फक्त माणसं. खरी परीक्षा तीच. बक्षिसापुरत्या एकत्र आलेल्या टोळक्याला तेव्हा एकमेकांशी बोलायला विषय राहत नाही. मित्रांना राहतो. मार्च २०२० मध्ये कोविडने एनएचएल पुन्हा थांबवली आणि लीगचा हिशोब ठेवणाऱ्यांपुढे नवीच पंचाईत उभी राहिली. अर्धवट सीझनचा विजेता कोण? त्या वाळवंटासारख्या महिन्यांत मित्रांशी वाद घालायला काहीतरी होतं, हेही नसे थोडके.

आणि आपण?

१९९९ मध्ये ‘याहू’ने फॅण्टसी खेळ फुकट दिले आणि हाताने बेरजा मारण्याचा जमाना संपला. खेळाडूंची नावं आणि आकडे वापरायला लीगची परवानगी लागत नाही, असा निकाल अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने २००७ मध्ये दिला. धंद्याची दारं सताड उघडली. आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत ‘ड्रीम इलेव्हन’ सुरू झालं. खेळ तोच, फक्त टेबलाभोवतीचे दहा जण गेले आणि लाखो अनोळखी लोक आले. सीझनभराचा संघ जाऊन एका संध्याकाळचा संघ आला. टॉस झाला की संघ लावा, रात्री अकराला पैसे गेले की मुकाट झोपा. ज्याच्याशी हरलो त्याचं नावही माहीत नाही. मग चिडवणार कुणाला आणि उट्टं काढणार कुणावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. अनेकांना वाटलं, संपला खेळ. खरं तर खेळ जिथून निघाला होता तिथेच परत आलाय. मित्रांत, फुकटात, चहाच्या टेबलावर.

ऑक्रेण्टचं पुढे काय झालं? तो मोठा माणूस झाला. २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा पहिला वाचक-प्रतिनिधी झाला, इतिहासाची जाडजूड पुस्तकं लिहिली. २०१० मध्ये रोटिसरी लीगवर ‘सिली लिटल गेम’ हा माहितीपट आला आणि तीस वर्षांपूर्वीची ती मंडळी कॅमेऱ्यासमोर बसून कुणी कुणाला कसं गंडवलं होतं ते सांगू लागली. ट्रॉफी नसलेला ऑक्रेण्टही त्यात होता. पण त्याने जे मिळवलं त्याला रकाना नाही. तीस वर्षांनी त्याला फसलेल्या बोलीवरून चिडवणारी माणसं अजून होती.

(चौकट)

काढायची का मग आपली लीग?

- आठ ते दहा जण पुरे. खेळ कुठलाही, क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल. पण लीग सीझनभराची हवी, एका मॅचची नको.
- लिलाव करायचा तर सगळ्यांना सारखे काल्पनिक पैसे द्या. लिलाव नको असेल तर आळीपाळीने निवड करा. पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसऱ्या फेरीत दहा ते एक. म्हणजे शेवटच्याला दोन खेळाडू लागोपाठ मिळतात आणि कुरकुर कमी होते.
- लिलावाला शक्यतो प्रत्यक्ष भेटा. न्यू जर्सीवाल्याला व्हिडिओवर घ्या, त्याची झोपमोड हा बोनस!
- हिशोबाची एक्सेल शीट ग्रुपमधल्या सगळ्यात चिकट माणसाकडे द्या. वादात त्याचा शब्द शेवटचा. पार्टीत त्याचं बिल इतरांनी भरायचं.
- एखादा ‘ग्रेट्झ्की’ निघालाच तर त्याचे दोन तुकडे करा. विराटच्या धावा एकाकडे, झेल दुसऱ्याकडे!
- बक्षीस छोटं ठेवा. शेवटच्या नंबरची ट्रॉफी मात्र एकदम भव्य!

तारीख ठरवा, शनिवार संध्याकाळ बघा. आणि ग्रुपवर ‘भेटूया ना एकदा’ असलं काही लिहू नका. सरळ लिहा, ‘लिलाव आहे. उशिरा येणाऱ्याला यष्टिरक्षक मिळणार नाही.’ बघा, सगळे येतात की नाही!